चार दिवसांचं वर्ष

ज्यांना पॉडकास्ट ऐकायला वेळ होत नाही, किंवा ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमतील तेवढे काढलेत. सगळे निघालेले नाहीत.

आजचा विषय आहे एक ग्रह. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी डोक्यावर चार ताऱ्यांचा एक मोठा चौकोन दिसतो. महाश्वाचा चौकोन. आपल्याकडे त्याच्या एका बाजूला पूर्वा भाद्रपदा म्हणतात, समोरच्या बाजूला उत्तरा भाद्रपदा. पूर्वा भाद्रपदेचे दोन तारे मनातल्या मनात रेघेने जोडा, आणि त्या रेघेच्या मध्याजवळ, चौकोनाच्या किंचित बाहेर बघा. शहरातून काही दिसणार नाही. पण गावी, अमावास्येच्या आसपास, डोळे अंधाराला सरावले की तिथे एक अगदी फिकट ठिपका दिसतो. त्याचं नाव ५१ पेगासी. आपल्यापासून सुमारे ५० प्रकाशवर्षं लांब आणि जवळपास आपल्या सूर्यासारखाच तारा.

या ताऱ्याभोवती एक राक्षसी ग्रह फिरतो, ५१ पेगासी बी. वस्तुमान गुरूच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे पृथ्वीच्या दीडशेपट तरी. आणि त्याचं वर्ष किती दिवसांचं? ४.२३ दिवसांचं. सोमवारी सकाळी प्रदक्षिणा सुरू केली की शुक्रवारी दुपारी संपली. आपल्या गुरूला एका फेरीला जवळजवळ बारा वर्षं लागतात.

सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडलेला हा पहिला ग्रह. जाहीर झाला १९९५ मध्ये. त्याबद्दल २०१९ साली मिशेल मेयॉर आणि दिदिए केलोज या दोघा स्विस शास्त्रज्ञांना भौतिकशास्त्राचं निम्मं नोबेल मिळालं. उरलेलं निम्मं जेम्स पीबल्स यांना, विश्वरचनेच्या सिद्धांतासाठी. हे सगळं विकिपीडियावर आहे, त्यासाठी तुम्हाला माझी गरज नाही. मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. हा ग्रह, किंवा याच्यासारखा एखादा, १९९५ च्या आधी का नाही सापडला? कारण तो शोधायचा कसा, हे १९५२ मध्येच छापून आलं होतं. अगदी 'असा ग्रह असू शकतो' इथपर्यंत.

पण आधी थोडं मागे, आणि तेही पुण्यात जाऊ.

विल्यम स्टीफन जेकब नावाचा एक इंग्रज होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातल्या इंजिनीअर दलात. काही वर्षं त्याने त्या प्रसिद्ध त्रिकोणमितीय सर्वेक्षणात काम केलं, ज्यात अख्ख्या हिंदुस्थानची मोजणी झाली. १८४२ मध्ये त्याने पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा थाटली. दिवसा कंपनीची नोकरी, रात्री तारे. (हे वेळापत्रक मला फार ओळखीचं वाटतं, फक्त माझ्या रात्री मायक्रोफोनसमोर जातात.) त्याचा आवडीचा विषय होता जोडतारे, म्हणजे एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे. पुढे १८४८ च्या अखेरीस तो मद्रासच्या वेधशाळेचा संचालक झाला.

तिथे असताना, १८५५ मध्ये, त्याने भुजंगधारी तारकासमूहातल्या ७० ऑफियुकी या जोडताऱ्यावर एक टिपण प्रसिद्ध केलं. हे दोन तारे एकमेकांभोवती सुमारे ८८ वर्षांत फिरतात. पण जेकबचं म्हणणं होतं की नोंदलेल्या जागा हिशेबाच्या कक्षेवर नीट बसत नाहीत, काहीतरी त्यांना थोडंसं इकडेतिकडे ओढतंय. आणि ते न दिसणारं काहीतरी एखादा ग्रह असण्याची बरीच शक्यता आहे.

तेव्हाचा काळ लक्षात घ्या. नऊच वर्षांपूर्वी, १८४६ मध्ये, युरेनसची चाल हिशेबात बसत नव्हती म्हणून कागदावर गणित करून नेपच्यून सापडला होता. हिशेब चुकतोय ना? मग तिथे न दिसलेला ग्रह असणार. ही युक्ती नुकतीच इतकी झोकात चालली होती की जेकबने ती दुसऱ्या ताऱ्याला लावली यात नवल नाही. दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा, मोजमापांवर आधारलेला, गंभीर शास्त्रीय पत्रिकेत छापलेला दावा म्हणून इतिहासात आजही सगळ्यात आधी याच टिपणाचं नाव येतं.

तो ग्रह तिथे नव्हता. जोडताऱ्यांच्या त्या काळच्या मोजमापांत जेवढी चूक असायची, तेवढाच तो 'ओढा' होता. चाळीसेक वर्षांनी अमेरिकेत टी. जे. जे. सी या खगोलशास्त्रज्ञाने त्याच ताऱ्याबद्दल पुन्हा तसाच दावा केला, मग फॉरेस्ट मोल्टनने गणिताने दाखवून दिलं की अशी तिघांची व्यवस्था टिकूच शकत नाही. सी महाशय इतके भडकले, आणि इतकं जहाल पत्र लिहिलं, की त्या खगोलशास्त्रीय पत्रिकेने त्यांना दार बंद केलं.

जेकबचं पुढे काय झालं ते मात्र चटका लावणारं आहे. तब्येतीने साथ दिली नाही, १८५९ मध्ये मद्रासची जागा सोडली. पण पुणे भागात उंच डोंगरावर वेधशाळा उभारायची हे त्याच्या डोक्यातून गेलं नाही. ब्रिटिश संसदेने १८६२ मध्ये त्यासाठी १,००० पौंड मंजूर केले. नऊ इंची भिंगाची दुर्बीण त्याने स्वतः विकत घेतली होती. ८ ऑगस्टला तो मुंबईत उतरला, आणि १६ ऑगस्टला पुण्यात वारला. वय पन्नाशीच्या आत. पुण्यात खगोलशास्त्र म्हटलं की आपण थेट आयुकावर येतो, पण सव्वाशे वर्षं आधी हा माणूस इथेच काहीतरी उभं करायला निघाला होता.

आता वेगाने शंभर वर्षं पुढे. ताऱ्याची जागा किंचित हलते का, हे बघत राहणं हाच ग्रह शोधायचा एक मार्ग मानला जात होता. त्या मार्गावरचं सगळ्यात मोठं नाव पीटर व्हान दे काम्प. अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजच्या स्प्राउल वेधशाळेत त्यांनी १९३८ पासून बर्नार्डच्या ताऱ्याचे फोटो घ्यायला सुरुवात केली. (हाही भुजंगधारीतलाच, या तारकासमूहाचं काहीतरी आहे.) पंचवीस वर्षं, हजारो काचा. १९६३ मध्ये जाहीर केलं की तिथे गुरूपेक्षा मोठा ग्रह आहे. दहा वर्षं तो पुस्तकांत होता. १९७३ मध्ये जॉर्ज गेटवुड आणि हाइनरिख आइखहॉर्न यांनी दुसऱ्या दुर्बिणींच्या फोटोंवरून तपासलं, तर काहीच हालचाल नाही. त्याच सुमारास स्प्राउलच्याच जॉन हर्शी यांनी दाखवलं की त्या दुर्बिणीतून पाहिलेला आणखी एक ताराही अगदी त्याच वर्षी 'हलतो', ज्या वर्षी दुर्बिणीच्या भिंगाची डागडुजी झाली होती. तारा हललाच नव्हता, भिंग हललं होतं.

ज्यांनी प्रॉडक्शनवरच्या सिस्टिम सांभाळल्यात त्यांना हे लगेच कळेल. आलेखात एक सुंदर पायरी दिसते, सगळे त्याचं कारण ग्राहकांच्या वागण्यात शोधतात, आणि मग कुणीतरी रिलीजच्या तारखा शेजारी मांडतं.

व्हान दे काम्प यांनी मात्र शेवटपर्यंत हार मानली नाही. मे १९९५ मध्ये ते वारले. ५१ पेगासी बी जाहीर व्हायला तेव्हा पाच महिने उरले होते.

अशा प्रकरणांचा एक परिणाम झाला. 'मी ग्रह शोधतो' असं म्हणणं हे गंभीर खगोलशास्त्रज्ञाच्या अंगाशी येणारं काम झालं. नोकरी देणारी समिती भुवया उंचावणार, दुर्बिणीवर रात्री वाटणारी समिती त्याहून. हे डोक्यात ठेवा.

आता १९५२. ऑटो स्ट्रूव्ह हे खगोलशास्त्रज्ञांच्या घराण्यातले, खारकीवमध्ये जन्मलेले, पुढे अमेरिकेत गेलेले. त्यांनी एका इंग्रजी पत्रिकेत अगदी छोटं, दोनेक पानांचं टिपण लिहिलं. त्यातला मुद्दा असा. ताऱ्याची आकाशातली जागा मोजण्याऐवजी त्याचा वेग मोजा. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असं आपण म्हणतो, पण खरं तर दोघंही एकमेकांच्या सामायिक तोलबिंदूभोवती फिरतात. ग्रह मोठी फेरी मारतो, तारा अगदी छोटी. त्यामुळे तारा थोडा आपल्याकडे येतो, थोडा लांब जातो, आणि त्याच्या प्रकाशातल्या रेषा किंचित निळ्याकडे, किंचित लालकडे सरकतात. हॉर्न वाजवत जाणाऱ्या एसटीचा आवाज जवळ येताना चढतो आणि लांब जाताना उतरतो, तीच गोष्ट प्रकाशाची.

इथवर त्यात काही नवीन नव्हतं, जोडताऱ्यांचे वेग असेच मोजत असत. नवीन होतं ते पुढचं. स्ट्रूव्ह म्हणाले की मोठा ग्रह ताऱ्यापासून लांबच असला पाहिजे असा काही नियम नाही. तो ताऱ्याला जवळजवळ चिकटून, पृथ्वी-सूर्य अंतराच्या पन्नासाव्या भागावर असू शकेल, आणि मग त्याची फेरी एका दिवसाच्या आसपास होईल. ग्रह पुरेसा जड असला तर ताऱ्याचा वेग त्या काळच्या उपकरणांनाही मोजता येईल. आणि कक्षा योग्य कोनात असेल तर ग्रह दर फेरीत ताऱ्यासमोरून जाईल, ताऱ्याचा प्रकाश थोडा कमी होईल, तोही मोजता येईल.

आज ग्रह शोधायच्या ज्या दोन मुख्य पद्धती आहेत, त्या दोन्ही या दोन पानांत आहेत. आणि त्यानंतर जवळपास चाळीस वर्षं कुणी हे मनावर घेतलं नाही.

का? कारण सगळ्यांना माहीत होतं की असे ग्रह नसतात. आणि हे 'माहीत असणं' अगदी बिनडोक नव्हतं, त्यामागे चांगला तर्क होता. ग्रह बनतात ताऱ्याभोवतीच्या धूळ-वायूच्या तबकडीतून. गुरूसारखा ग्रह बनायला आधी पृथ्वीच्या दहापट वगैरे मोठा घन गाभा लागतो, मग तो भोवतालचा वायू ओढून घेतो. ताऱ्याजवळ इतकी उष्णता की बर्फ टिकत नाही, आणि बर्फाशिवाय एवढा घन माल पुरत नाही. म्हणून राक्षसी ग्रह लांब, थंडीत बनणार. आपल्याकडे तसंच आहे की! गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून, सगळे लांब. तर्कही तेच सांगतो, उदाहरणही तेच सांगतं. उदाहरण एकच आहे हे मात्र फारसं कुणी बोलत नव्हतं.

या समजुतीचा प्रत्यक्ष कामावर काय परिणाम होतो ते बघा. गुरू आपल्या सूर्याला सुमारे साडेबारा मीटर प्रति सेकंद वेगाने हलवतो. ताशी ४५ किलोमीटर, म्हणजे गल्लीतून जाणारी स्कूटर. अनेक प्रकाशवर्षं लांबच्या ताऱ्याचा एवढा वेग मोजायचा, तोही बारा वर्षांची एक फेरी पूर्ण होईपर्यंत. मग तुम्ही काय करता? वर्षातून चार-सहा वेळा मोजता, डेटा साठवत जाता, आणि दहा वर्षांनी बघू म्हणता. घाई कसली? विश्लेषणाचं सॉफ्टवेअर उद्या लिहिलं तरी चालेल.

कॅनडाच्या ब्रूस कॅम्पबेल आणि गॉर्डन वॉकर यांनी नेमकं हेच केलं, आणि मला यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर आहे. वेग अचूक मोजायचा तर पट्टी अचूक लागते. यांनी ताऱ्याचा प्रकाश हायड्रोजन फ्लोराइड वायू भरलेल्या नळीतून पाठवला. त्या वायूच्या रेषा ताऱ्याच्या रेषांवरच उमटतात, म्हणजे फोटोतच मोजपट्टी. फक्त हा वायू भयंकर. काच खातो, फुफ्फुसं जाळतो, नळी तापवून ठेवावी लागते. हा प्रकार घेऊन ही माणसं हवाईच्या डोंगरावरच्या दुर्बिणीवर १९८० पासून बारा वर्षं जात राहिली. अचूकता पंधरा मीटर प्रति सेकंदाच्या आसपास. ५१ पेगासीचा वेग किती हलतो? मेयॉर-केलोज यांच्या मोजणीत ५९ मीटर प्रति सेकंद. म्हणजे ५१ पेगासी त्यांच्या यादीत असता, तर तो त्यांना दिसू शकला असता.

नव्हता. यादीत विसेक तारे होते, आणि अशा तप्त, जवळच्या राक्षसी ग्रहांचं प्रमाण शंभरात एखाददुसऱ्या ताऱ्याहून कमी आहे हे आज आपल्याला माहीत आहे. तेव्हा 'त्यांनी डोळे मिटून घेतले' असं जे कधीकधी लिहिलं जातं ते मला पटत नाही. एवढ्या थोड्या ताऱ्यांत न सापडणं हेच जास्त शक्य होतं. पण यादी छोटी का होती? कारण रात्री कमी मिळायच्या. रात्री कमी का? भुवया उंचावणारी समिती आठवा. १९८८ मध्ये त्यांना गॅमा सेफी ताऱ्याभोवती ग्रहाचा संशय आला होता. चार वर्षांनी त्यांनी तो मागे घेतला, ताऱ्याचाच काही खेळ असेल म्हणून. २००३ मध्ये कळलं की तिथे खरोखर ग्रह आहे. तोवर कॅम्पबेल यांनी कायमची नोकरी मिळेना म्हणून खगोलशास्त्र सोडलं होतं, आणि ते लोकांना आयकराबाबत सल्ला देण्याचं काम करत होते. या चमूचा अंतिम निबंध १९९५ मध्येच आला. निष्कर्ष: गुरूएवढा ग्रह कुठेही नाही.

मधे एक गोष्ट चटकन सांगतो, कारण ती माझी लाडकी आहे. १९९१ मध्ये अँड्र्यू लाइन आणि सहकाऱ्यांनी एका पल्सारभोवती, म्हणजे मेलेल्या ताऱ्याच्या गरगर फिरणाऱ्या गाभ्याभोवती, ग्रह सापडल्याचं जाहीर केलं. फेरी सहा महिन्यांची. सहा महिने, बरोबर अर्धं वर्ष, इथेच कान टवकारायला हवेत! हिशेबात पृथ्वीच्या कक्षेची दुरुस्ती नीट झाली नव्हती, आपलंच फिरणं त्यांना तिथे दिसत होतं. जानेवारी १९९२ मध्ये लाइन यांनी भरसभेत उभं राहून हे सांगितलं, आणि सभागृहाने उठून टाळ्या वाजवल्या. त्यांच्याच मागोमाग अलेक्झांडर वोल्श्चान बोलायला उभे राहिले, दुसऱ्या एका पल्सारभोवतीच्या ग्रहांबद्दल. ते खरे निघाले. म्हणजे सूर्यमालेबाहेरचे पहिले पक्के ग्रह हे. पण मेलेल्या ताऱ्याभोवती, म्हणून आजच्या गोष्टीत ते बाजूला.

आता मेयॉर आणि केलोज. जिनेव्हाचे मिशेल मेयॉर यांची कारकीर्द गेली होती जोडताऱ्यांचे वेग मोजण्यात. माझ्या मते या गोष्टीची किल्ली इथे आहे. जोडताऱ्यांच्या दुनियेत फेरी काही तासांचीही असते आणि काही शतकांचीही. तिथल्या माणसाच्या डोक्यात 'फेरी किमान इतकी' असा आकडाच नसतो. स्ट्रूव्हही त्याच दुनियेतले होते. ग्रहांकडून सुरुवात केलेली माणसं गुरूला शोधत होती, ताऱ्यांकडून आलेली माणसं 'काहीतरी छोटं' शोधत होती. मेयॉर यांच्या मनात ग्रहांइतकेच तपकिरी बटू होते, म्हणजे तारा व्हायचे राहून गेलेले गोळे.

दक्षिण फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत १.९३ मीटरच्या दुर्बिणीवर त्यांनी एलोदी नावाचा नवा वर्णपटमापक बसवला. दुर्बीण तेव्हाच्या मानाने मध्यमच. एलोदीत ताऱ्याचा प्रकाश एका तंतूतून यायचा आणि शेजारच्या तंतूतून थोरियमच्या दिव्याचा, म्हणजे पट्टी शेजारी. विषारी वायूची गरज नाही. सापडायची ती सरक किती? कॅमेऱ्यावरच्या एका पिक्सेलच्या शंभराव्या भागाहूनही कमी. एका रेषेवरून ते कळणं अशक्य, म्हणून ताऱ्याच्या हजारो रेषा एकदम साच्याशी ताडून बघायच्या.

आणि हे ताडून बघणारं सॉफ्टवेअर लिहिलं दिदिए केलोज या पीएचडीच्या विद्यार्थ्याने. त्याची खासियत ही की दुर्बिणीचं झाकण बंद झालं की काही मिनिटांत ताऱ्याचा वेग पडद्यावर. दुसरीकडे, कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत जेफ मार्सी आणि पॉल बटलर १९८७ पासून आयोडीनची नळी वापरून हेच करत होते, आणि त्यांची पद्धत जास्त अचूक होती. पण त्यांचं सॉफ्टवेअर एकेका नोंदीवर तासन्‌तास चालायचं. त्यांनी नोंदी साठवून ठेवल्या होत्या. बारा वर्षांच्या फेऱ्या शोधायच्यात ना, घाई कसली.

सॉफ्टवेअरवाला म्हणून मला इथे थांबावंसं वाटतं. फीडबॅक मिनिटांत मिळतो की वर्षांनी मिळतो, यावर तुम्ही काय शोधू शकता हेच ठरतं. केलोजला दुसऱ्याच रात्री कळत होतं की काल आणि आजचा आकडा जुळत नाही. चार दिवसांची फेरी पकडायला नेमकं हेच लागतं.

तर सप्टेंबर १९९४ मध्ये त्याने ५१ पेगासी पहिल्यांदा मोजला. १४२ ताऱ्यांच्या यादीतला एक. वेग दर वेळी वेगळा. मेयॉर तेव्हा हवाईत होते. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा विद्यार्थी, गुरुजी समुद्रापार, आणि स्वतःच्या कोडमधून आकडे वेडेवाकडे येतायत. त्याला काय वाटलं असेल? अर्थातच, बग आहे. त्याने नंतर मुलाखतींत हेच सांगितलंय, त्याला आनंद नव्हे, धास्ती वाटली होती. कुणाला न सांगता तो कोड तपासत बसला. बाकीचे तारे जागच्या जागी होते, हलत होता फक्त हा एक. मग हिशेबात ४.२ दिवसांची फेरी बसली, आणि त्याने मेयॉर यांना फॅक्स केला की बहुधा मला ग्रह सापडलाय.

मेयॉर यांनी घाई केली नाही. मार्चमध्ये तारा सूर्याच्या बाजूला गेला, काही महिने दिसणार नव्हता. जुन्या नोंदींवरून त्यांनी भाकीत केलं की जुलैमध्ये अमुक रात्री वेग अमुक असेल. जुलै १९९५ मध्ये दोघं परत वेधशाळेत गेले, आणि आकडे भाकिताप्रमाणे आले. ऑगस्टअखेर निबंध पाठवला, ६ ऑक्टोबर १९९५ ला फ्लॉरेन्सच्या परिषदेत जाहीर केलं, नोव्हेंबरमध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं.

अविश्वास होता. मार्सी-बटलर लगेच लिकच्या दुर्बिणीवर गेले. अनेकांना वाटत होतं की ही बातमी त्याही कचऱ्याच्या ढिगात जाणार, ७० ऑफियुकीच्या मागोमाग. चार रात्री सलग मोजलं. ग्रह तिथे होता, अगदी फ्लॉरेन्समध्ये सांगितल्यासारखा.

आणि मग त्यांनी ती गोष्ट केली जी करायला आठ वर्षं थांबले होते. मिळतील तेवढे कॉम्प्युटर लावून साठवलेला डेटा चालवला. जानेवारी १९९६ मध्ये दोन ग्रह जाहीर: एक कन्येतल्या ७० व्हर्जिनिसभोवती, ११७ दिवसांचा, दुसरा सप्तर्षीतल्या ४७ उर्से मेजोरिसभोवती, तीनेक वर्षांचा. त्यानंतर टाउ बूटिस, फेरी ३.३ दिवस! हा तर ५१ पेगासीचा सख्खा भाऊ, आणि त्याच्या खुणा त्यांच्याच टेपवर कित्येक वर्षं पडून होत्या. पुढच्या काही वर्षांत ग्रहांचा सगळ्यात मोठा साठा याच दोघांच्या नावावर जमा झाला, पण पहिला नाही.

हा ग्रह तिथे पोचला कसा? बहुतेकांचं मत असं की तो लांबच बनला, आणि तबकडीशी किंवा दुसऱ्या ग्रहांशी झालेल्या ओढाताणीत आत सरकला. गंमत म्हणजे ग्रह असे सरकू शकतात याचं गणित पीटर गोल्डराइश आणि स्कॉट ट्रेमेन यांनी १९८० मध्येच केलं होतं. तेही कुणी ग्रहशोधाला लावलं नव्हतं. आज या प्रकाराला तप्त गुरू म्हणतात. ५१ पेगासी बीचं तापमान हजार अंश सेल्सियसच्या आसपास आहे.

आपला संबंध पुन्हा एकदा येतो तो इथेच. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याचा ग्रह नाव द्यायला दिला. भारताच्या वाट्याला आला तोही तप्त गुरू, दोन दिवसांच्या फेरीचा. ताऱ्याचं नाव ठेवलं बिभा, बिभा चौधुरी यांच्यावरून, ज्या १९४९ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झालेल्या पहिल्या स्त्री संशोधक. ग्रहाचं नाव संतमस.

संशय मात्र एका फटक्यात गेला नाही, आणि तो जाऊ नयेच. १९९७ मध्ये डेव्हिड ग्रे या कॅनेडियन शास्त्रज्ञाने 'नेचर'मध्येच लिहिलं की हा ग्रह नाही, ताऱ्याचा पृष्ठभाग धडधडतोय. पुढच्या वर्षी जास्त चांगल्या मोजमापांनी त्यांनी स्वतःच ते मागे घेतलं. तरी प्रश्न उरलाच: सगळे ग्रह नुसत्या वेगावरून ठरवलेले, एक तरी प्रत्यक्ष ताऱ्यासमोरून जाताना दिसायला नको का? स्ट्रूव्ह यांची दुसरी युक्ती.

सप्टेंबर १९९९ मध्ये डेव्हिड शारबोनो या विद्यार्थ्याने सहकाऱ्यांबरोबर, फक्त दहा सेंटिमीटरच्या दुर्बिणीने, एचडी २०९४५८ या ताऱ्याचा प्रकाश दीड टक्क्याच्या आसपास खाली जाऊन पुन्हा वर येताना पाहिला. सांगितलेल्या वेळी. नोव्हेंबरमध्ये ग्रेग हेन्री यांनाही तेच दिसलं. हा ताराही महाश्वातलाच, सूर्यासारखाच, आणि ग्रहाची फेरी साडेतीन दिवसांची. आकार कळला, गुरूपेक्षाही फुगलेला, घनता पाण्याहून कमी. तो वायूचाच राक्षस होता, ताऱ्याची धडधड नव्हती.

दहा सेंटिमीटर म्हणजे हौशी आकाशदर्शन मंडळाकडे असते तेवढी दुर्बीण. यावरून काही जणांना सुचलं की मग हे आधीही कुणाला दिसलं असेल. युरोपच्या हिपार्कोस उपग्रहाने लाखाहून अधिक ताऱ्यांची तेजस्विता १९८९ ते १९९३ या काळात पुन्हा पुन्हा नोंदली होती, आणि तो डेटा १९९७ पासून सगळ्यांना खुला होता. त्यांनी एचडी २०९४५८ च्या ओळी काढल्या, फेरीच्या वेळापत्रकाशी ताडून बघितल्या. पाचेक नोंदींमध्ये तारा थोडासा मंद होता, बरोबर ग्रह समोर असायला हवा त्याच वेळी. त्यातली पहिली एप्रिल १९९१ ची.

पुढच्या भागात याच हिपार्कोसबद्दल. तो चुकीच्या कक्षेत अडकूनही कसा कामी आला, ती गोष्ट. भेटू.